टाकी एवढी मोठी कशासाठी?

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय काय बंद होतं, याची यादी आता अनेकांना तोंडपाठ झाली आहे. टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला होता. कॉस्टिकच्या द्रावणात वायू जिरवणारा स्क्रबर एवढ्या लोंढ्यापुढे कुचकामी ठरला. पाण्याचे फवारे होते, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथवर ते पोचलेच नाहीत. ही यादी वाचून कोणीही म्हणेल की राखणदार जागे असते तर हजारो माणसं वाचली असती. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. या सगळ्या राखणदारांच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. ६१० क्रमांकाच्या त्या टाकीत चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट मुळात होतंच कशासाठी?

मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, हा काही तिथला विकायचा माल नव्हता. विकायचं होतं ते सेव्हिन नावाचं कीटकनाशक. एमआयसी हे त्याच्या वाटेवरचं मधलं रसायन. ते बनवायचं, टाकीत साठवायचं आणि लागेल तसं पुढच्या रिअॅक्टरला द्यायचं. हाताशी साठा असला की दोन विभाग एकमेकांवर अडून राहत नाहीत, एक दुरुस्तीसाठी थांबला तरी दुसरा चालू राहतो. थोडक्यात, साठा ही सोय होती. त्या रात्री एमआयसीचं उत्पादन चालूही नव्हतं, सेव्हिनला अपेक्षेएवढं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, तरी टाकी भरलेली होती. शिवाय सेव्हिन बनवण्याची दुसरी वाट माहीत होती. आधी अल्फा-नॅफ्थॉल आणि फॉस्जीन यांची क्रिया घडवून मग त्यात मिथाइल अमाइन घातलं, तर एमआयसी मध्ये तयारच होत नाही. फॉस्जीन त्या वाटेवरही राहतो, त्यामुळे तिला निर्धोक म्हणता येणार नाही, पण सर्वांत घातक साठा तेवढा टळतो. दुर्घटनेनंतर ड्यूपाँ कंपनीने टेक्सासमधल्या आपल्या कारखान्यात तिसरी वाट काढली. एमआयसी लागेल तेवढंच बनवायचं आणि बनताक्षणी वापरून टाकायचं, म्हणजे टाकीची गरजच उरत नाही. अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी मात्र एमआयसीचा साठा पुढे पाव शतक राहिला. २८ ऑगस्ट २००८ रोजी तिथल्या दुसऱ्या एका पात्राचा स्फोट होऊन दोन कामगार दगावले, तेव्हा एमआयसीची टाकी तिथून फार लांब नव्हती. २०११ मध्ये इन्स्टिट्यूटच्या कारखान्याने एमआयसीचं उत्पादनच सोडून दिलं. युरोपच्या सेव्हेसो नियमावलीत आज एमआयसीसाठी कडक बंधनांची मर्यादा १५० किलो आहे. भोपाळची ती टाकी त्या हिशेबाने अडीचशे पटींच्या वर जाते.

म्हणून एखादा कारखानदार रसायनं जबाबदारीने हाताळतो की नाही, हे त्याच्याकडचे अलार्म, मास्क आणि भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजून ठरवू नये, असं माझं मत आहे. पहिला प्रश्न साठ्याचा. घातक माल किती आहे, का आहे, आणि तो कमी करण्याचा प्रयत्न शेवटी कधी झाला? राखणदारांची पाळी त्यानंतर.

हा विचार रसायन अभियांत्रिकीत नीट मांडला तो ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश अभियंत्याने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे भोपाळच्या आधी. त्याला निमित्त झालं फ्लिक्सबरोचं. इंग्लंडमधल्या या गावी नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनवणारा कारखाना होता. १ जून १९७४ रोजी तिथे सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा प्रचंड ढग पेटला आणि २८ माणसं गेली. तो दिवस शनिवारचा होता म्हणून आकडा एवढ्यावर थांबला. झालं होतं असं की ओळीने लावलेल्या सहा रिअॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला. तो काढून टाकला, आणि उत्पादन लवकर सुरू करायचं म्हणून चौथ्याला आणि सहाव्याला वीस इंची तात्पुरत्या नळाने जोडलं. नळाचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं चित्र. नळाला बाक होता, दोन्ही टोकांना लवचीक जोड होते, आतल्या दाबाने त्या बाकावर किती ताण येईल याचा हिशेब कोणी मांडला नव्हता, आणि आधाराला बांधकामाच्या परांचीसारखा सांगाडा. दोन महिने तो टिकला. या घटनेतून उद्योगाने एक धडा घेतला आणि तो आजही प्रत्येक सुरक्षा प्रशिक्षणात शिकवतात: बदल कितीही तात्पुरता असो, लेखी मंजुरी आणि तपासणीशिवाय करायचा नाही. क्लेट्झ त्याच्या पुढे गेला. त्याने विचारलं, एवढं सायक्लोहेक्झेन तिथे फिरत का होतं? उत्तर रसायनशास्त्रात होतं. त्या प्रक्रियेत एका फेरीत शंभरातले जेमतेम पाच-सहा भागच कामी येत. उरलेलं सगळं उकळत्या अवस्थेत, दाबाखाली, पुन्हा पुन्हा फिरवत ठेवावं लागे. म्हणजे त्या गावाला धोका होता तो मुख्यतः न झालेल्या क्रियेपासून. क्रिया अधिक पुरी करून घेता आली, तर तेवढंच उत्पादन छोट्या पात्रात निघेल आणि नळ फुटलाच तरी बाहेर पडायला फारसं काही नसेल. नसलेला माल गळू शकत नाही, इतका साधा हा विचार आहे. साधा असूनही तो सुचायला अठ्ठावीस बळी लागले, आणि पचायला त्याहून पुष्कळ.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहारी माणसाचा. काही माल कमी करताच येत नाही, त्याचं काय? आक्षेप खरा आहे आणि विशाखापट्टणमचं उदाहरण त्याच्याच बाजूचं आहे. पॉलिस्टायरीन बनवायचं तर स्टायरीन हा कच्चा मालच. तो जहाजाने येतो आणि जहाज काही पिंपाच्या मापाने माल उतरवत नाही. त्यामुळे एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यात मोठी टाकी असणं समजण्यासारखं होतं. पण स्टायरीनचा स्वभाव असा की त्याचे रेणू आपणहून एकमेकांना जोडले जातात, जोडले जाताना उष्णता सोडतात, आणि उष्णता वाढली की अधिक वेगाने जोडले जातात. ही साखळी रोखायला टीबीसी नावाचं रोधक रसायन मिसळतात. ते कालांतराने संपतं, उष्णतेने लवकर संपतं आणि पुन्हा घालावं लागतं. टाळेबंदीत कारखाना थांबलेला असताना, ७ मे २०२० च्या पहाटे, तिथल्या टाकीतून स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत शिरली आणि बारा माणसं मरण पावली. सरकारी समितीच्या चौकशीत निघालेले तपशील जवळून पाहण्यासारखे आहेत. तापमान मोजणारा काटा टाकीच्या तळाशी होता. बंबात वरचं पाणी कढत आणि खालचं कोमट असावं, तसं वरच्या थरात स्टायरीन तापत गेलं आणि खालचा काटा सगळं आलबेल असल्याचं सांगत राहिला. टाकी थंड करणारी यंत्रणा रात्री बंद ठेवली जात होती. टीबीसी कारखान्यात शिल्लक नव्हतं. कारखाना बंद होता, टाकीतली क्रिया बंद नव्हती, आणि हा फरक कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

साठा अटळ असेल तिथे राखणदार हेच खरं, पण मग त्यांचं स्थान बदलायला हवं. उत्पादनाचं यंत्र बंद पडलं की मालकाला तासाभरात कळतं, कारण पैसा थांबतो. स्क्रबर बंद पडला तर काहीच थांबत नाही, उलट वीज वाचते. सुरक्षा यंत्रणेच्या अर्थशास्त्रातलं मूळ दुखणं हे आहे, आणि तंगीच्या काळात कात्री तिथेच का लागते याचंही कारण हेच. भोपाळचं बंद रेफ्रिजरेशन आणि विशाखापट्टणमची रात्री बंद राहणारी यंत्रणा, दोन्ही या वृत्तीची अपत्यं. यावर उपाय उपदेशाचा नाही, जोडणीचा आहे. थंड करणारी यंत्रणा बंद असेल तर टाकीत माल घेताच येणार नाही, ढवळणारा पंखा थांबला तर रिअॅक्टरला जाणारी धार आपोआप तुटेल, अशी यंत्रांचीच एकमेकांशी गाठ मारून ठेवायची. चांगल्या कारखान्यांत हे असतं. ते बायपास करण्याची चावी कोणाकडे आहे आणि तिची नोंदवही भरली जाते का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ समजतं.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. साठा कमी केला की टँकरच्या फेऱ्या वाढतात, म्हणजे धोका कारखान्यातून उठून महामार्गावर येतो. घाटात उलटलेल्या टँकरभोवती जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून हिशेब कुंपणाच्या आतला मांडून चालत नाही, कच्चा माल निघतो तिथपासून मांडावा लागतो. ड्यूपाँची वाट सरस ठरते ती यासाठीच: घातक रसायन ना टाकीत, ना रस्त्यावर. तिसरा आक्षेप पर्यायांचा. एक रसायन काढून दुसरं आणलं आणि ते पुढे अधिक वाईट निघालं तर? निघालेलं आहे. फ्रिजमध्ये पूर्वी अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरत. १९३० च्या सुमारास त्यांच्या जागी क्लोरोफ्लुरोकार्बन आले, न जळणारे, न विषारी, कारखानदाराच्या दृष्टीने निर्मळ. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हेच वायू ओझोनचा थर खातात, आणि १९८७ च्या माँट्रियल करारापासून त्यांना निरोप देणं सुरू झालं. या इतिहासावरून काही जण म्हणतात की जुना ओळखीचा धोका बरा. मला तो निष्कर्ष पटत नाही. बदलायचं तर आधी तपासायचं, आणि तपासण्याचा बोजा बनवणाऱ्यावर टाकायचा, असा त्याचा अर्थ मी घेतो. युरोपने २००७ पासून ‘रीच’ कायद्यात नेमकं तेच केलं. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने त्याची माहिती नोंदवल्याशिवाय ते बाजारात आणता येत नाही. आपल्याकडचे रंग आणि औषधांचे घटक युरोपला पाठवणारे कारखानदार हा खर्च सोसतात आणि तरी धंदा करतात, हेही लक्षात घ्यावं.

सगळ्यात जोरकस आक्षेप छोट्या कारखानदाराचा असतो, आणि महाराष्ट्रात तो झटकून टाकता येत नाही. डोंबिवली, तळोजा, तारापूर, महाड, लोटे इथल्या वसाहतींत मोठ्या कंपन्यांच्या जोडीला कमी भांडवलावर चालणारे असंख्य छोटे प्लांट आहेत. यांना नवी प्रक्रिया शोधायला प्रयोगशाळा कुठून आणायची? पण साठा कमी करण्याच्या सगळ्याच वाटा महाग नसतात. दोन रसायनं रिअॅक्टरमध्ये एकदम ओतण्याऐवजी एक भरून दुसरं हळूहळू सोडलं, तर कोणत्याही क्षणी न जुळलेला माल थोडाच राहतो. यासाठी नवं शास्त्र नको, शिस्त हवी. तापमान फार कमी ठेवलं किंवा पंखा थांबला तर माल साचून राहतो आणि मग एकदम पेट घेतो, एवढं ऑपरेटरला कारणासह सांगितलेलं असलं पाहिजे. ठेकेदाराकडून कालच आलेल्या मुलाला ते कोण सांगतं, हा खरा प्रश्न, आणि एमएसडीएसची, म्हणजे रसायनाच्या सुरक्षेच्या माहितीपत्रकांची, इंग्रजीतली फाइल कपाटात असणं हे त्याचं उत्तर नव्हे. शिवाय छोटेपणाची एक वेगळीच अडचण आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत बंधनं साठ्याच्या मर्यादेवर ठरतात, आणि ती मर्यादा प्रत्येक कारखान्याची वेगळी मोजतात. एकाला एक लागून दहा प्लांट मर्यादेच्या जरा खाली असले, तर कागदावर दहाही लहान. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसासाठी तो एकच साठा असतो. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटांनी आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फोडल्या, त्या मर्यादा विचारून नव्हे. वसाहतीचा एकत्रित साठा मोजणं हे एकट्या कारखानदाराचं काम नाही, ते शासनाचं आणि उद्योग संघटनांचं आहे. आग विझवायला एकमेकांच्या मदतीला धावण्याची पद्धत अनेक वसाहतींत आहे. आधी माल मोजायला एकत्र बसण्याची पद्धत व्हायला हवी.

कंपनीचं गुपित फुटेल, हे कारण इथे हमखास पुढे येतं. प्रक्रिया गुप्त असू शकते, टाकीतलं विष गुप्त ठेवण्याचा अधिकार कायदा देत नाही. आसपासच्या लोकांना संभाव्य अपघाताची आणि त्या वेळी काय करायचं याची माहिती देणं १९८९ च्या नियमांनी कारखान्यावर बंधनकारक केलं आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर फलक लागले. त्यावर कोणती रसायनं, किती, आणि सांडपाणी व कचरा किती, हे लिहायचं असतं. फलक पाहताना रसायनाच्या नावावर अडखळायचं कारण नाही. प्रमाणाचा रकाना भरलेला आहे का, त्यापुढे तारीख कधीची आहे, मजकूर मराठीत आहे का, आणि तो आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, हे सरपंचालाही वाचता येतं. आणि वाढला असेल, तर वार्षिक मॉक ड्रिलला गावातल्या लोकांना बोलावतात तेव्हा त्याचं कारण व्यवस्थापनाला तोंडावर विचारता येतं.