उशीच्या खोळीवर इस्त्रीने चित्र : कार्यानुभवाचा एक तास आणि आरशातली अक्षरं



कार्यानुभवाच्या तासाला आपण दरवर्षी बहुतेक तेच करतो. राखी, आकाशकंदील, कागदी फुलं. त्यात वाईट काही नाही, पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी चौथीच्या वर्गात एक वेगळा उपक्रम घेतला. साधी पांढरी उशीची खोळ घ्यायची आणि तिच्यावर मुलांनी स्वतः काढलेलं चित्र ट्रान्सफर पेपर वापरून इस्त्रीने उठवायचं. पुस्तकात आपण अभ्रा म्हणतो, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी खोळच म्हणतात. म्हणून मीही तेच म्हणते.

उपक्रम छान झाला, पण एक चूक माझ्या हातून झाली. ती आधी सांगते, कारण या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तिच्यातूनच निघाला.

झालेली चूक

माझ्या वर्गातली काही मुलं तांड्यावरून येतात. त्यांच्यातल्या काहींचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि मुलं आजीजवळ राहतात. अशाच एका मुलीने खोळीसाठी बैलगाडीचं चित्र काढलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'याडी'. गोरमाटीत आईला याडी म्हणतात. ही खोळ आईसोबत जाणार होती.

मी मोबाइलवर सगळ्या चित्रांचे फोटो काढले आणि तालुक्याच्या दुकानातून ट्रान्सफर पेपरवर छापून आणले. वर्गात इस्त्री फिरवली, कागद सोलला, तर बैलगाडी उलट्या दिशेने निघालेली आणि अक्षरं आरशात दिसावी तशी. तिच्या चित्राचा फोटो छापण्याआधी उलटा करायचा राहून गेला होता. जास्तीचा कागद नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी.

तिने काय केलं ते शेवटी सांगते. आधी हे असं का होतं ते पाहू.

अक्षरं उलटी का येतात?

ट्रान्सफर पेपरवर एक पातळ प्लास्टिकसारखा थर असतो. चित्र त्या थरावर छापलं जातं. कागद कापडावर पालथा ठेवून इस्त्री दाबली की थर मऊ होतो, सुताच्या धाग्यांना धरतो आणि थंड झाल्यावर तिथेच घट्ट होतो. मागचा कागद सोलून निघतो, चित्र कापडावर राहतं. कागद पालथा ठेवल्यामुळे डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून छापतानाच चित्र उलटं छापावं लागतं. मोबाइलच्या गॅलरीत फोटो एडिट करताना 'फ्लिप' असतं, तेच वापरायचं.

इथे दोन खाचाखोचा आहेत. काही प्रिंटरमध्ये टी-शर्ट ट्रान्सफरची सोय असते आणि प्रिंटर स्वतःच चित्र उलटं करतो. तुम्हीही उलटं केलं असेल तर ते परत सरळ होतं आणि फसगत होते. दुसरं म्हणजे, गडद रंगाच्या कापडासाठी वेगळा कागद मिळतो. त्याचा थर पांढरा असतो, तो आधी सोलून चित्र वर तोंड करून ठेवतात. तिथे चित्र सरळच छापायचं.

गोंधळ टाळायचा सोपा उपाय: पालथा ठेवायचा कागद इस्त्रीआधी आरशासमोर धरा. आरशात सरळ वाचता आलं तर ठीक. कागदावरच सरळ वाचता येत असेल तर थांबा.

याच तासात भाषा आणि गणित

आता खरी गंमत. इस्त्री तापायच्या आधी मुलांच्या हातात आरसा द्या आणि पुढचे प्रश्न विचारा.

१) ३ आरशात कसा दिसतो? मुलं ओरडतील, "सहा!" थोडा इकडेतिकडे, पण ६ सारखाच.

२) मग ३६ आरशात कसे दिसतील? बहुतेक मुलं ६३ म्हणतात. धरून पाहू द्या. ३६ चे ३६ च दिसतात. कारण अंक उलटतात तशा त्यांच्या जागाही बदलतात. ज्यांचं पटत नाही त्यांचा आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. आरशातही त्यांची पाठ फिरलेलीच राहते. आता ६३ धरा. तिथे ते समोरासमोर असतात आणि आरशातही तसेच राहतात.

३) आरशातही जवळपास तसंच दिसणारं अक्षर शोधा. माझ्या वर्गात 'ठ' सापडला.

४) पहिली वेलांटी आरशात धरा. ती दुसरी वेलांटी होते, आणि दुसरीची पहिली. 'कि' आणि 'की' लिहून दाखवलं तर लगेच लक्षात येतं.

शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेत आरशातील प्रतिमेचे प्रश्न येतात. आपण ते फळ्यावर नियम सांगून घेतो आणि मुलं पाठ करतात. इथे नियम मुलांना स्वतःला सापडतो, कारण चुकलं तर आपलं नाव खोळीवर उलटं येणार हे त्यांना माहीत असतं.

पालकांसाठीही एक गोष्ट. पाच-सहा वर्षांची मुलं कधीकधी अक्षरं किंवा ३ आणि ६ उलटे लिहितात. तेवढ्यावरून घाबरू नका, रागावू तर मुळीच नका. शिकतानाचा तो सर्वसाधारण टप्पा आहे. वाटी डावीकडून पाहिली काय, उजवीकडून पाहिली काय, वाटीच राहते. अक्षरांना मात्र दिशा असते, हे मुलाला नव्यानेच कळत असतं.

साहित्य

सुती पांढरी किंवा फिकट खोळ, ए-४ आकाराचा फिकट कापडासाठीचा ट्रान्सफर पेपर, कात्री, इस्त्री, बटर पेपर, जाड पुठ्ठा, आरसा.

कागद घेताना इंकजेटचा की लेझरचा ते पाकिटावर नक्की पाहा. लेझर प्रिंटर उष्णतेनेच शाई पक्की करतो. इंकजेटचा कागद त्यात घातला तर थर आतच वितळून चिकटतो आणि मशीन बिघडू शकतं. झेरॉक्सच्या दुकानात बरेचदा लेझर प्रिंटर असतो, म्हणून दुकानदाराला आधी विचारा.

खोळ सुतीच आहे का हे पाहायला कडेचे दोन-तीन धागे काढून मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. सुताला कडक इस्त्री चालते, पॉलिस्टर तेवढ्या उष्णतेत खराब होतं. इस्त्रीवरच्या ठिपक्यांचा अर्थही मुलांना सांगा: एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन १५०, तीन २००. तीन ठिपके सुतासाठी. ज्यांच्या घरी कापूस पिकतो त्या मुलांना कापूस कशाला टिकतो हेही कळायला हवं ना?

कृती

१) नवी खोळ धुऊन वाळवा. नव्या कापडाला खळ असते, तिच्यामुळे थर नीट धरत नाही.

२) चित्र उलटं करून छापा, वाळू द्या आणि कडेने कापा. रिकामा थरही कापडाला चिकटतो, म्हणून फार मोकळी जागा सोडू नका. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी सुटतात.

३) टेबलावर सुती चादरीची एक घडी पसरा. खोळीच्या आत पुठ्ठा सरकवा. इस्त्री फिरवून सुरकुत्या घालवा. वाफेची इस्त्री असेल तर वाफ बंद ठेवा.

४) चित्र कोपऱ्यात किंवा काठाजवळ ठेवा. डोकं टेकतं तिथे नको. त्या थरातून हवा जात नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो गालाला चिकटेल.

५) कागद पालथा ठेवून इस्त्री जोर देऊन दाबा आणि हळूहळू पुढे न्या. कडांवर जास्त लक्ष द्या. किती वेळ दाबायचं आणि कागद गरम असताना सोलायचा की गार झाल्यावर, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. तेच पाळा.

६) एक दिवस धुऊ नका. नंतर उलटी करून गार पाण्यात धुवा. पुन्हा इस्त्री करताना चित्रावर बटर पेपर ठेवा.

इस्त्री मोठ्या माणसानेच धरायची. मी टेबल भिंतीशी लावून वायर भिंतीकडे ठेवली होती आणि जमिनीवर खडूने रेघ मारली होती. एका वेळी एकच मूल रेघेच्या आत. त्याने चित्र ठेवायचं, मागे व्हायचं, मग मी इस्त्री दाबायची.

ट्रान्सफर पेपर परवडत नसेल तर

बारीक पॉलिश पेपरवर मेणाच्या खडूंनी दाबून चित्र काढा. तो सुती कापडावर पालथा ठेवून इस्त्री दाबा. मेण वितळतं आणि रंग कापडात उतरतो. मग वर साधा कागद ठेवून पुन्हा इस्त्री केली की जास्तीचं मेण कागद शोषतो. धुण्यात रंग थोडा फिका होतो, पण प्रिंटर लागत नाही. इथेही अक्षरं उलटीच काढावी लागतात, म्हणून आरशाचा धडा तसाच होतो.

जुनं नातं

इस्त्रीने नक्षी उतरवणं नवीन नाही. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने भरतकामाच्या नक्षीचे असे कागद बाजारात आणले. पुढे आपल्या भागातला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरकडे आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात असे. आपल्या आज्या मात्र विकतच्या नक्षीवाचून अडल्या नाहीत. कागदावर नक्षी काढायची, सुईने रेघेवर भोकं पाडायची, कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. कापडावर ठिपके उमटले की त्यावर दोरा भरायचा. घरातली एखादी जुनी खोळ मुलांना नक्की दाखवा. वर्गात चार आज्यांना बोलावलं तर आणखी चांगलं.

आणि ती खोळ

मी त्या मुलीला म्हटलं, "सुट्टीनंतर नवीन करून देते." पण सुट्टीनंतर तिची आई इथे नसणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती काही बोलली नाही. खोळ उलटी केली, आत हात घालून खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "मॅडम, आतून पाहा न. आतून सरळ दिसते."

खरंच दिसत होतं. पातळ सुती कापडातून फिकट, पण सरळ, 'याडी'.

सुट्टी संपल्यावर तिने सांगितलं की आजीने त्या फिकट अक्षरांवर लाल दोरा भरून दिला. खोळ उलटीच घातली, शिवण बाहेर दिसते, आणि आईने ती तशीच नेली.

यंदा मी दोन कागद जास्तीचे आणणार आहे. आरसा तर पहिल्यांदा. तुम्ही हा तास घेतलात तर मुलांना आरशात तशीच दिसणारी आणखी कोणती अक्षरं सापडली, ते मला जरूर कळवा.