बेवड आणि वहिवाट

एकाच वावरात एकच पीक सालोसाल घेत राहिले असता जमिनीचा कस उतरतो, ही गोष्ट कृषिशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याला ठाऊक होती. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्या पिकाने जमिनीवर मागे ठेवलेला परिणाम, पुढच्या पिकाला मानवतो आणि ज्वारीमागून घेतलेले पीक सहसा जोर धरीत नाही, हे तो अनुभवाने जाणत होता. फेरपालटीचे प्रकार सांगणारी पुस्तके बहुधा पिकांचा क्रम सांगून थांबतात. परंतु तो क्रम कोण ठरवतो आणि ज्या साली जमीन कमी देते त्या सालची तोशीस कोण सोसतो, याची चौकशी केल्यावाचून एक पद्धत शतके का टिकते आणि दुसरी एका पिढीत का मोडते, याचा उलगडा होत नाही.

सर्वांत जुना प्रकार पड ठेवण्याचा. कोकणातील उताराच्या वरकस जमिनीत पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी आणि पुढे तीळ किंवा कारळा घेऊन ती काही वर्षे ओस टाकीत. मध्ययुगीन युरोपात गावाची शेती तीन भागांत वाटून एकात हिवाळी गहू वा राय, दुसऱ्यात वसंतातले जव वा ओट आणि तिसऱ्यात पड, असा फेरा चाले. येथे कस भरून येतो तो काळाच्या बळावर. म्हणूनच लोकसंख्या वाढली आणि शेताचे तुकडे पडू लागले, की पहिला घाला पडीवर येतो.

दुसरा प्रकार पडीवाचून फेर साधण्याचा. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीत एक साल कापूस व एक साल ज्वारी, आणि दोहोंत तुरीच्या, मुगाच्या वा उडदाच्या ओळी, ही रीत जुनी आहे. तिच्यातील शहाणपण केवळ कसापुरते नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी कापसाच्या मुळांच्या स्रावाने उगवते खरे, पण तेथे त्याला पोसणारे कोणी नसल्याने मरून जाते. उलट तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरीत असल्याने, त्याच वावरात तूर फिरून लवकर न आणणे हाच तिच्यावरचा स्वस्त उपाय ठरतो.

इंग्लंडातील नॉरफोक परगण्याचा चार सालांचा फेरा, म्हणजे गहू, टर्निप, जव आणि क्लोव्हर, याच वर्गातला. टर्निपाने जनावरांची वैरण भागली, जनावरांनी खत दिले आणि क्लोव्हरने नत्र पुरविले. मात्र हे नत्र हवेतून येते आणि मुळांवरच्या गाठींतील जीवाणू ते बांधतात, हे हेलरीगेल व विल्फार्ट या शास्त्रज्ञांच्या 1886 च्या प्रयोगांमुळे प्रकाशात आले. इंग्लंडातीलच रॉथमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर 1843 पासून एका शेतात गव्हामागून गहू पेरण्याचा आणि 1848 पासून दुसऱ्या शेतात चौसाली फेऱ्याचा प्रयोग त्याआधीच सुरू होता. तथापि नॉरफोकच्या यशाचे श्रेय एकट्या क्लोव्हरला देता येत नाही. होल्कमच्या कोक या जमीनदाराने कुळांना 21 वर्षांचे पट्टे करून दिले आणि पिकांच्या क्रमाच्या अटी त्या पट्ट्यांतच घातल्या. त्यामुळे आज पेरलेल्या क्लोव्हरचे फळ पुढे आपल्याच पदरात पडणार, याची कुळाला हमी मिळाली.

हीच हमी आपल्याकडे पांझरा आणि मोसम नद्यांकाठच्या फड पद्धतीने निराळ्या मार्गाने दिली. बंधाऱ्याखालचे भिजणारे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले असे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार आणि पाणी तोकडे असल्यास कोणता कोरडा ठेवावयाचा, याचा निवाडा लाभधारक मिळून करीत. आणि पाटकरी, जागल्या व हवालदार हा नोकरवर्ग त्याची अंमलबजावणी करी. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात असल्याने उसाचा लाभ आणि कोरड्या फडाची तोशीस, दोन्ही सर्वांच्या वाट्याला सारखीच येत. व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता गावाच्या वहिवाटीत बांधलेली फेरपालट याहून चोख क्वचितच आढळेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, तीही याच विचाराची होती: गटाच्या ठरावीक हिश्श्यापुरतेच उसाला पाणी मंजूर करावयाचे आणि उरलेल्यात भुसार पिके फिरती ठेवावयाची. उलट जेथे उसामागून खोडवा आणि खोडव्यामागून पुन्हा ऊस हा क्रम रूढ झाला, तेथे अतिपाण्याने जमिनी खारवट व पाणथळ झाल्या. आज मराठवाडा-विदर्भात सोयाबीनमागून हरभरा दरसाल घेतला जातो. एकाच सालातील हे दोन हंगाम वरकरणी पालट भासतात, परंतु दोन्ही पिके शेंगवर्गीय असून जोडी तीच राहते, म्हणून तिला खरी फेरपालट म्हणता येत नाही.

क्रम कोणता असावा, हे कृषिखाते सांगू शकते व सांगतेही. पण एकसाली खंडाने जमीन कसणाऱ्याने दुसऱ्याच्या पुढल्या पिकासाठी बेवड का राखावा, याचे उत्तर कोणत्याही शिफारशीत नसते. लांब मुदतीचा लेखी खंडपट्टा, कडधान्याला भरवशाचा भाव आणि पाण्याच्या वाटपात पीकक्रमाची अट, या तीन गोष्टी जमून आल्या तरच फेरपालट कागदावरून वावरात उतरेल.