सुनांची नावं सांगणारी वंशावळ

2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि आमच्याकडे घराघरांत कुणी ना कुणी वंशावळ काढायला बसलं. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचा निर्गम उतारा, पेटीच्या तळाशी पडलेले मोडी कागद. मीही बसलो. चार पिढ्यांचे पुरुष हाती लागले, पण पणजीचं नाव एकाही कागदावर नाही. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, “आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो रे.”

आणि आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी नर्सी आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण ते सांगतो (पंढरपूरवालेही आपलं गाव सांगतात, तो वाद इथे नको). त्या शिंप्याच्या घरातल्या बायका मात्र पावणेसातशे वर्षांनंतरही नावानिशी ठाऊक आहेत. हे कागदामुळे घडलेलं नाही, घरातल्या मोलकरणीमुळे घडलं. गंगाखेडहून आलेल्या जनीने एका अभंगात घरची सगळी माणसं मोजून ठेवली.

तो अभंग वंशावळ म्हणून वाचून पाहा. सुरुवात बापापासून नाही, गोणाई आणि राजाई या सासूसुनेपासून आहे. मग दामा आणि नामा हे बापलेक. मग नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. त्यांच्यामागोमाग लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आणि सगळ्यात शेवटी स्वतः जनी, तीही स्वतःला वेडी म्हणवून घेत. पंधरा माणसांत नऊ बायका. आजच्या वंशावळीच्या नमुन्यात हेच घर बसवलं, तर दामा, नामा आणि चार मुलगे उरतील.

गोणाई-राजाईंबद्दल बरंच कळतं. गोणाई विठ्ठलाशी भांडते, माझा मुलगा तू नादी लावलास म्हणून. राजाईच्या तोंडी संसाराच्या ओढाताणीची तक्रार आहे. हे अभंग खरोखर त्यांचेच की मागाहून कुणी त्यांच्या नावावर रचले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण ज्या घराचा कर्ता टाळ घेऊन बाहेर पडलाय, तिथली चूल कशी चालत असेल, हे त्यांत अचूक उतरलंय. हे रचणाऱ्याने असं घर आतून पाहिलेलं होतं, असं मला वाटतं.

माझं लक्ष अडकलं ते लाडाईपाशी. मुलांची आणि सुनांची नावं क्रमाने जुळवली, तर ती थोरल्या नाराची बायको ठरते; परंपराही तेच सांगते. नामदेवांनी घरादारासह पंढरपूरच्या महाद्वारी देह ठेवला, असं मानतात; तेव्हा लाडाई तिथे नव्हती. ती बाळंतपणासाठी गेली होती. तिच्या नावावरच्या अभंगात तिथी दिलेली आहे: शके 1272, आषाढ वद्य त्रयोदशी. म्हणजे इसवी सन 1350. सगळ्यांना नेलंस, मलाच का मागे ठेवलंस, असं ती विठ्ठलाला विचारते आणि आपणही देह ठेवणार म्हणून प्राणायामाला बसल्याचं सांगते.

आता हिशोब करू. नामदेवांच्या जन्माची तिथी त्यांच्याच नावावरच्या अभंगात आहे: शके 1192, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे 1270. देह ठेवताना ते ऐंशीचे. मग थोरला मुलगा किमान पन्नाशीच्या पुढचा असणार. त्याची बायको तेव्हा बाळंतपणाला गेलेली? अशक्य नाही, पण वंशावळ तपासणारा कुठलाही कारकून इथे पेन्सिलीने खूण करील. एक तर मुलं उशिरा झाली असतील, किंवा लाडाई दुसरेपणाची असेल, किंवा दोन तिथींपैकी एक चुकली असेल. शिवाय पंजाबात घुमानलाही नामदेवांची समाधी मानतात.

तरीही ही नोंद मी बाजूला सारणार नाही. पंढरपुरातलं नामदास घराणं स्वतःला नामदेवांचं वंशज म्हणवतं. सगळं घर महाद्वारात संपलं असेल, तर वंश पुढे चालायला त्या वेळी घराबाहेर असलेलं कुणीतरी हवंच, आणि नोंदीत तशी लाडाईच आहे. घरातलं शेवटचं माणूस कधी, कुठे गेलं, हे घरातली मागे राहिलेली बाईच सांगते. आमच्या पिढीतही मयताची तिथी पुरुषांना आठवत नाही, बायकांना आठवते.

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय. जनीने गोणाई-राजाईला पहिल्या ओळीत बसवून हे कधीच करून ठेवलं होतं. आधीच्या पिढ्यांतल्या बायकांसाठी मात्र असा कुठलाच हुकूम निघणार नाही. तेव्हा या दिवाळीला घरात जी सगळ्यात वयस्कर बाई असेल, तिला तिच्या सासूचं आणि आजेसासूचं नाव विचारा आणि वहीत लिहून घ्या.

आषाढातली परतवारी झाली की नर्सी रिकामी होऊ लागते. वद्य एकादशीची गर्दी ओसरते, आणि दोनच दिवसांनी लाडाईने सांगितलेली त्रयोदशी येते.