नावं ठेवायची तर माती ओली असताना

सिंधुदुर्गात गणपतीच्या शाळेचं, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागेचं, दार दिवसभर उघडं असतं. नागपंचमीच्या सुमारास घराघरांतून मूर्तीसाठी पाट येतात आणि पाटांमागून माणसंही. बाजाराला निघालेला, एसटीची वाट बघणारा, जो तो आत डोकावतो आणि काहीतरी बोलून जातो. इथे काम शिकायचं म्हणजे माती मळण्याइतकंच हे बोलणं ऐकायला शिकायचं. साच्यातून काढलेल्या मूर्तीला नावं ठेवली तर ती साच्याला लागतात. हाताने घडवलेल्या मूर्तीला ठेवली तर थेट आपल्याला लागतात.

शाडू माती गुजरातेतून येते. भिजवून, चाळून, मळून ती मऊसूत झाली की ओली आहे तोवर सगळं ऐकून घेते. सोंड वळवा, गाल उतरवा, खांदा खाली घ्या. पण धड वाळत आलं आणि मग त्याला ओला हात जोडला, तर सुकताना नवी माती आकसते आणि सांध्यावर चीर पडते. त्यामुळे सांगणाऱ्यालाही वेळ गाठावी लागते. आमच्या काकांचा दंडक असा, की बैठक आणि मान ठरली की मूर्ती दाराशी ठेवायची, दागिने नंतर. नवशिक्याला मात्र मुकुटाची नक्षी कोरायची घाई असते. एकदा नक्षी झाली की मान वाकडी आहे हे सांगायचा समोरच्याला धीर होत नाही, आणि ते ऐकायची आपली तयारी नसते.

काका स्वतः फारसं बोलत नाहीत. मूर्तीसमोर आरसा धरतात. रोज बघून आपली नजर त्या चेहऱ्याला सरावलेली असते. आरशात तो उलटा दिसला की डावा खांदा चढलाय हे कुणी सांगावं लागत नाही. नाहीतर मूर्ती उंच ठेवून आम्हाला जमिनीवर बसवतात. घरी मखरासमोर लोक तसेच बसणार. टेबलावर, डोळ्यांच्या रेषेत नीट वाटलेलं पोट खालून बघितल्यावर छातीला झाकून टाकतं.

खरी परीक्षा डोळ्यांच्या आखणीला. मी आखलेल्या एका मूर्तीकडे बघून पाट घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "गणपती रागावल्यासारखो दिसता. ओठ जरा लाल कर." मला राग आला, कारण ओठांत काही खोट नव्हती. काकांनी कुंचला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ओठ सोड. राग कुठून येतोय ते बघ." वरच्या पापणीची रेघ केसभर उंच गेली होती. बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं आणि त्याने नजर वटारल्यासारखी झाली होती. रेघ पुसून पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर टेकवली, नजर किंचित खाली आली आणि राग गेला. आजींचा उपाय चुकीचा होता, तक्रार शंभर टक्के खरी. रोग्याने सांगितलेलं दुखणं खोटं नसतं. औषध मात्र वैद्यानेच शोधायचं.

सगळंच मनावर घ्यायचं नसतं, हेही इथेच कळलं. "लालबागच्या राजासारखा करा" ही आवड झाली, टीका नव्हे. फूटभराच्या मूर्तीवर तो थाट पेलत नाही, हे हसून सांगता येतं. पण तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी अडखळली, तर त्यांची कारणं कितीही निराळी असोत, त्या जागी काहीतरी बिघडलेलं असतंच.

आता मी आपणहून विचारते. "कसा झालाय?" असं मात्र विचारत नाही, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "आधी नजर कुठे जाते?" एवढंच विचारते. चेहऱ्याकडे, असं उत्तर आलं तर पुढचं काम सुरू. कुणी "हाताकडे" म्हणालं, तर बहुतेक वेळा तो हात चुकलेला असतो.