ड्रोनने फवारणी करताय? बांधापलीकडचं नुकसान कोण भरणार?



सोयाबीनवर अळी, मजूर मिळेना, म्हणून ड्रोन बोलावणारे आपल्यात वाढलेत. काम झटपट होतं. पण पाठीवरच्या पंपाला एकरी १५०-२०० लिटर पाणी लागतं, ड्रोनला १० लिटरच्या आसपास. औषध तेवढंच, पाणी कमी. म्हणजे थेंब बारीक आणि जहाल. तो वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेला आणि तो पाला रेशीम अळ्यांना घातला, तर अख्खी बॅच हातची जाते.

मग भरपाई कोण देणार? ड्रोनवाला म्हणतो वारा सुटला. शेतमालक म्हणतो मी तर भाडं दिलं. वादात दोघंही ओढले जाऊ शकतात.

कायदा काय सांगतो?

१) ड्रोन नियम, २०२१: फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक (यूआयएन), पायलटला प्रमाणपत्र आणि ट्रॅक्टरसारखाच थर्ड पार्टी विमा लागतो. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई या विम्यातून मागता येते. विमा नसेल तर भांडण थेट खिशावर येतं.

२) कीटकनाशक नियम, १९७१: हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यावी लागते. हा नियम विमानाच्या काळातला, पण ड्रोनची फवारणीही हवाईच.

ड्रोन बोलावण्याआधी:
- यूआयएन, पायलट प्रमाणपत्र, विम्याची मुदत बघा, फोटो काढून ठेवा. बचत गटाची ड्रोन दीदी असो की बाहेरचा ठेकेदार, विचारायला लाजू नका.
- ग्रामपंचायतीला आणि चारी बांधांच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवा. मेसेज पाठवा, म्हणजे नोंद राहते.
- ड्रोनसाठी मान्यता असलेलंच औषध वापरा. बिल जपा.
- वारा तुतीकडे, विहिरीकडे किंवा गोठ्याकडे असेल तर फवारणी थांबवा.

नुकसान तुमचं झालं असेल तर:
- त्याच दिवशी फोटो-व्हिडिओ काढा, तलाठी व कृषी सहायकाकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा.
- मूळ फोटो मोबाईलमधून डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा पुरावा कोर्टात प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. नुसता फॉरवर्ड केलेला फोटो कमी पडू शकतो.
- ड्रोनच्या उड्डाणाची नोंद (वेळ, हद्द) लेखी मागा.

शेजाऱ्याला केलेला एक फोन कोर्टाच्या दहा चकरा वाचवतो. हा मेसेज आपल्या गटात, खास करून तुतीवाल्यांना, जरूर पाठवा.

आपला कृषी सल्लागार