पाकिटावर न छापलेला इशारा

निकाहची तारीख ठरली की घरात कपड्यांबरोबर वजनाचाही विषय निघतो. मग कुणीतरी एखादी गोळी किंवा इंजेक्शन सुचवते. अशा वेळी अमेरिकेतील एक जुने प्रकरण माहीत असलेले बरे.

१९९० च्या दशकात तिथे ‘फेन-फेन’ची लाट आली. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही भूक मारणारी दोन औषधे एकत्र घ्यायची, की वजन उतरते. दोन्हींना वेगवेगळी परवानगी होती. एकत्र वापराला सरकारी मंजुरी नव्हती. तरी १९९६ मध्ये या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती जाहीर केली. ही औषधे घेणाऱ्या या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या होत्या. पाच जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून मागे घेतले गेले.

मग दावे सुरू झाले. केवळ दुष्परिणाम झाला म्हणून कंपनी दोषी ठरत नाही. थोडाफार धोका प्रत्येक औषधात असतोच. कोर्ट विचारते ते वेगळेच : कंपनीला काय ठाऊक होते, आणि तिने ते डॉक्टरांना व रुग्णांना कधी सांगितले? अमेरिकन होम प्रॉडक्ट्स या कंपनीवर धोक्याचा इशारा वेळेवर न दिल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. पण ऑगस्ट १९९९ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने एका महिलेला २ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक भरपाई देण्याचा कौल दिला.

एकट्या रुग्णाला बड्या कंपनीशी झगडणे परवडत नाही. म्हणून सर्वांच्या वतीने एकच ‘सामूहिक दावा’ चालतो. त्याच वर्षी अशा दाव्यात ३७५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती मान्य नसलेल्यांना स्वतंत्र दाव्याची मुभा होती. मात्र भरपाई मागणाऱ्याला औषध घेतल्याचा पुरावा आणि हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल दाखवावा लागे. औषध ६० दिवसांपर्यंत घेतले की त्याहून जास्त, यावरही रक्कम ठरे. ज्यांच्याकडे कागद, त्यांचीच बाजू भक्कम.

आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी ठरवली आहे. पुरेसा इशारा न देणे हाही त्यात दोषच. आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहक मिळून एक तक्रार करू शकतात. पण एक अट ध्यानात ठेवा : औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायचे असेल आणि कंपनीने तज्ज्ञाला योग्य इशारा दिला असेल, तर कंपनी सुटू शकते.

म्हणून भगिनींनो, वजनाचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. हृदयाचा, थायरॉइडचा आजार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी सांगा. पक्के बिल घ्या, पाकिटावरचा बॅच नंबर जपा, आतली माहितीपत्रिका फेकू नका. धाप लागली, पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.