खाडीतली उंची

हिमालयातल्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानात दिवसभराच्या चढाईला निघाले की चांगला गाईड शिखरांच्या आधी झाडांकडे बोट दाखवतो. खाली देवदार, वर भूर्ज, त्याच्याही वर खुरटी झुडपे आणि मग नुसते गवत. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते आणि त्या हिशेबाने वनस्पतींचे पट्टे बदलत जातात. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने 1802 मध्ये अँडीजमधल्या चिंबोराझोवर चढताना हेच टिपून ठेवले होते. ठाणे खाडीत फिरणारी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची बोट मात्र समुद्रसपाटी सोडत नाही. त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे, फोटो काढायचे आणि परतायचे, एवढ्यापुरतीच ती सफर आहे असा समज झाला आहे. तो खोडून काढायला हवा. खाडीसुद्धा उंचीनेच समजते. फक्त इथली उंची वितीने मोजावी लागते.

मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, भांगाच्या दिवसांत त्याहून बरेच कमी. म्हणजे चिखलाचा प्रत्येक थर दिवसातून किती तास पाण्याखाली राहणार, हे त्याची उंची ठरवते आणि तिथे कोण जगणार हे त्यावरून ठरते. सर्वांत खाली, बराच वेळ बुडालेल्या उघड्या चिखलावर झाड रुजत नाही. तिथे सूक्ष्म शैवाल वाढते आणि ओहोटी लागली की छोटा रोहित चोच उलटी धरून ते गाळून खातो. जरा वर तिवर आणि चिप्पी ही कांदळवनाची झाडे. त्याहून वर, जिथे भरती कमी वेळा पोहोचते, तिथे मारंडी आणि गेवा. तिवराचे पान बोटाने चोळून जिभेला लावले तर ते खारट लागते, कारण मुळांना अडवता न आलेले मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळे हवेसाठी असतात, कारण त्या काळ्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. त्याचा कुजका वास बिनहवेच्या जिवाणूंनी केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. लोकांना तो घाणीचा वाटतो, म्हणूनच शेजारी गाईड हवा.

उंचीचा हा हिशेब संरक्षणालाही लागू पडतो. डोंगरावर तापमान एका अंशाने वाढले तर आधीइतका गारवा मिळवायला वनस्पतीला सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागते. खाडीत मात्र हातभर राडारोडा पडला तरी भरती पोहोचेनाशी होते आणि कांदळवन वाळते. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी यायचे थांबले, तेव्हा तिथला चिखल सुकला आणि रोहित फिरकेनासे झाले. उलट, 1901 ते 2018 या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी सुमारे 20 सेंटीमीटर वाढली. पाणी चढले की कांदळवनाला जमिनीकडे सरकावे लागते, पण नवी मुंबईत त्याच्या पाठीशी बांध, रस्ते आणि इमारती उभ्या आहेत. यावर कोणी म्हणेल की तिवरे गाळ धरून ठेवतात, त्यामुळे जमीन आपोआप उंचावते. हे खरेच आहे, आणि ठाणे खाडीत कांदळवन चिखलावर पसरलेही आहे. पण तेवढाच उघडा चिखल कमी होतो, आणि रोहितांचे पोट त्याच चिखलावर भरते. झाडांची संख्या वाढली म्हणून खाडी सुखरूप आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: रोहित सांडपाण्यावर पोसलेल्या शैवालासाठी येतात, मग कौतुक कसले? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसने शैवाल फोफावते, यात शंका नाही. पण नुसत्या सांडपाण्याने भागले असते तर मुंबईच्या प्रत्येक नाल्यावर रोहित दिसले असते. त्यांना योग्य उंचीवरचा, रोज उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल लागतो. तो इथे आहे, म्हणूनच या खाडीच्या सुमारे 17 चौरस किलोमीटरला 2015 मध्ये अभयारण्याचा, आणि त्यासह सुमारे 65 चौरस किलोमीटरला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बोटींनी पक्षी बिथरतात ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. थव्यापासून लांब राहणे आणि इंजिन मंद ठेवणे यात तडजोड नको, जवळचा फोटो हुकला तरी चालेल.

रोहितांचा मुक्काम साधारण नोव्हेंबर ते मे असतो. जाण्याआधी कॅलेंडरातली तिथी पाहा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि बोटीत बसल्यावर गाईडला पक्ष्यांच्या आधी तिवराच्या खोडावरची भरतीची खूण दाखवायला सांगा.